गाणं मोठं करू नकोस, ड्रम लहान कर

पत्र

नमस्कार ताई, मी वीस वर्षांची आहे. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझा पाच ड्रमचा सेट मांडलेला आहे. फोनवर गाणी लावून त्यांच्याबरोबर वाजवते. वाढदिवसाला बाबांनी बाहेरचा आवाज कमी करणारा ब्लूटूथ हेडफोन दिला. पण वाजवायला लागले की गाण्यातलं बास गिटार गायब होतं, म्हणून मी आवाज पूर्ण वाढवते. तासाभराने उठले की कानात बारीक शिट्टी वाजत राहते, अगदी झोपेपर्यंत. आई म्हणते, कापसाचे बोळे घाल. मामेभाऊ त्याचा स्टुडिओतला २५० ओमचा हेडफोन अडीच हजारांत द्यायला तयार आहे. माझ्याकडे सात हजार साठलेत. नवरात्रात एका गरबा मंडळीत ऑक्टापॅडवर (आठ पॅडच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) बसायचं आहे, तिथेही तोच चालला तर बरं. कोणता घेऊ?

– एक वाचक, बडोदा

उत्तर

आधी कानातल्या शिट्टीचं बोलू. हेडफोन कुठे पळून जात नाहीत.

वाजवून झाल्यावर शिट्टी येणं किंवा दडे बसल्यासारखं वाटणं, याचा अर्थ आतल्या कानातल्या केसासारख्या नाजूक पेशींवर ताण आला आहे. बहुतेक वेळा सकाळपर्यंत ते उतरतं आणि तिथेच माणूस फसतो. रोज तेच होत राहिलं तर काही पेशी कायमच्या जातात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून निदान आठवडाभर सेटवर बसू नकोस. स्टिक चालवायच्याच असतील तर रबरी पॅडवर किंवा उशीवर चालव. शिट्टी दोन दिवसांनंतरही राहिली तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी जा. तसाही ड्रम वाजवणाऱ्याने वर्षातून एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्यावा. मोठ्या आवाजाने झालेली इजा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी दिसते, आणि रोजच्या बोलण्यात ती बराच काळ लक्षातही येत नाही.

आता आकडे, कारण त्यांच्यावाचून या विषयातले सगळे सल्ले हवेत राहतात. बंद खोलीतल्या ड्रमसेटचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाशी साधारण १०० ते ११० डेसिबल भरतो. स्नेअरवर, म्हणजे कडकडीत आवाजाच्या ड्रमवर, रिमशॉट (कातडं आणि कडा यांवर एकदम बसणारा फटका) बसला की क्षणभर १२० च्याही वर उसळतो. तुझी खोली पत्र्याची, म्हणजे आवाज जिरायला जागा नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक असा आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं आणि १०६ ला चार मिनिटंसुद्धा नाहीत. हा हिशोब कारखान्यांसाठी मांडलेला आहे, पण कानाला मकरपुऱ्याचा कारखाना आणि गच्चीवरचा रियाज यांतला फरक कळत नाही.

ड्रमवरून गाणं नीट ऐकू यायचं तर ते ड्रमपेक्षा तीन ते सहा डेसिबल वर लागतं. कानात ड्रम १०५ ने शिरत असतील तर गाणं ११० च्या घरात न्यावं लागेल. तू आज तेच करते आहेस. ड्रम ७५ वर आणले तर गाणं ८० वर भागतं आणि तास-दोन तासांचा रियाज सुखाने होतो. म्हणून दुकानात ‘याचा आवाज कसा आहे’ हे विचारण्याआधी ‘हा बाहेरचं किती अडवतो’ हे विचार. सुरेल पण गळका हेडफोन ड्रमवाल्याच्या काहीच कामाचा नाही.

बाबांच्या भेटीत दोष नाही, तिचं काम वेगळं आहे. आवाज कमी करणारं सर्किट माइकने बाहेरचा आवाज ऐकतं, त्याची उलटी लहर बनवतं आणि ती कानात सोडतं. सलग घुमणाऱ्या, खालच्या पट्टीच्या आवाजावर हे छान चालतं: विमान, एसी, रेल्वेचा डबा. साधारण १,००० हर्ट्झच्या वर मात्र त्याची ताकद संपत येते. स्नेअरचा फटका हा सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात चढणारा सुळका असतो, उलटी लहर तयार होईपर्यंत तो कानात शिरलेलाही असतो. शिवाय एवढ्या जवळच्या आवाजाने ते इवलेसे माइक भरून वाहतात. मग किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, प्रत्येक ठोक्याला गाणं आत-बाहेर होतं किंवा फटफट ऐकू येतं. प्रवासासाठी बनवलेल्या या हेडफोनच्या गाद्या हलक्या असतात आणि पकडही सैल, त्यामुळे सर्किट सोडलं तर अडवणारं फारसं काही उरत नाही.

आईचा हेतू बरोबर आहे, माल चुकीचा आहे. कापूस सच्छिद्र असतो, तो जेमतेम काही डेसिबल अडवतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग खरे काम करतात, पण ते घालून वर हेडफोन चढवला तर ड्रमबरोबर गाणंही दबतं, आणि गाण्यातल्या वरच्या पट्ट्या आधी जातात. अडीनडीला चालेल, रोजच्या रियाजाला नको.

मग घ्यायचं काय? ड्रमसाठी खास बनवलेल्या किंवा त्या कामी सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेडफोनमध्ये विक फर्थचा एसआयएच२ आहे, त्यावर २५ डेसिबल अडवण्याचा दावा असतो. हा मुळात कारखान्यातल्या मफमध्ये (आवाज अडवायला पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्यांमध्ये) स्पीकर बसवल्यासारखा प्रकार आहे: आवाज साधा, अडवणूक चांगली. सेनहायझरचा एचडी २८० प्रो कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३२ डेसिबलपर्यंत अडवतो. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाच, तो सर्वांत सोयीच्या पट्टीतला आकडा आहे. त्याची पकड घट्ट आहे. नवा असताना डोकं दुखतं आणि त्याच पकडीमुळे तो उपयोगी पडतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० एम ड्रमवाले आणि साउंडवाले यांच्यासाठीच काढलेला आहे, त्याच्या वायरवर आवाज कमी-जास्त करायची कळ आहे. पण त्याचाच भाऊ डीटी ७७० प्रो सुमारे १८ डेसिबलच अडवतो, नाव जवळपास सारखं म्हणून फसू नकोस. ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स, एम५०एक्स किंवा सोनी एमडीआर-७५०६ हे बंद पाठीचे, ऐकायला उत्तम हेडफोन आहेत. खऱ्या ड्रमसेटवर ते थोडे कमी पडतात, इलेक्ट्रॉनिक पॅडवर मात्र झकास.

तरी सात हजारांत तुला यातला एकही घ्यायला सांगणार नाही. कानात घालायचा वायरचा इअरफोन आणि त्यावर कारखान्यात वापरतात तो कानांचा मफ, ही जोडी घे. दिसायला विमानतळावर विमानाला वाट दाखवणाऱ्यासारखी दिसशील, पण गच्चीवर पाहणारं कोण आहे?

इअरफोन असा हवा की ज्याचा साचा कानाच्या वाटीत बसतो, वायर कानामागून वळते आणि टोकाला रबर किंवा फोमची टोपी असते. शुअरचा एसई२१५ हा या जातीतला नावाजलेला आणि ३७ डेसिबलपर्यंत अडवण्याचा दावा असलेला, पण तुझी बहुतेक रक्कम तोच खाईल. एक-दीड हजारात मिळणारे केझेडसारखे वायरचे इअरफोन या कामाला पुरेत. घेताना दोन गोष्टी बघ. वायर सुटी होणारी असावी, कारण आधी मरते ती वायरच. आणि साच्याला बाहेरून मोठी भोकं किंवा जाळी नसावी. आवाज मोकळा वाटावा म्हणून काहींना ती ठेवलेली असते, आणि त्यातूनच झांजा आत येतात. फोमच्या टोप्या वेगळ्या घे, तिन्ही मापांच्या. डावा आणि उजवा कान सारख्या मापाचे असतातच असं नाही.

मफ बडोद्यात शोधायला वाद्यांच्या दुकानात जाऊ नकोस. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला हेल्मेट, हातमोजे, बूट पुरवणाऱ्या दुकानात विचार. थ्रीएम पेल्टरचे एच१०ए किंवा एक्स५ए चांगले, साधारण दोन ते चार हजारांच्या दरम्यान. खोक्यावरचा आकडा वाचताना मात्र सावध राहा. मफ किती आवाज अडवतो याचा एनआरआर हा अमेरिकी आकडा आणि एसएनआर हा युरोपी, एकाच मफवर ते वेगवेगळे असतात. एक्स५ए चा एनआरआर ३१ आहे आणि एसएनआर ३७. एका मफचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर यांची तुलना करून दुकानदार तुला हसत हसत कमी प्रतीचा माल देऊ शकतो. शिवाय दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले आहेत. ‘नायॉश’नेच १९९८ मध्ये सांगितलं होतं की मफच्या एनआरआरमधून पाव हिस्सा वजा करा आणि फोम प्लगच्या एनआरआरमधून निम्मा.

इअरफोन आणि मफ यांच्या आकड्यांची सरळ बेरीजही होत नाही. दोनांत जो वरचढ, त्यावर साधारण पाच डेसिबल धर. आवाज काही प्रमाणात कवटीच्या हाडांतूनही आत येतो, त्यामुळे चाळीस-पन्नास डेसिबलच्या पुढे काहीही केलं तरी उपयोग नसतो. तरी तुझे १०५ डेसिबल ७५ च्या आसपास यायला ही जोडी पुरते.

पुरते, पण नीट बसली तरच. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, म्हणून सावकाश वाच. फोमची टोपी कोरड्या बोटांनी चिमटून बारीक कर. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग धर आणि वर व मागे ओढ, म्हणजे कानाची वाट सरळ होते. इअरफोन आत सरकव आणि फोम फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेव. दुसऱ्या कानाला तसंच. आता ‘आ’ लाव. स्वतःचा आवाज डोक्यात, मडक्यात बोलल्यासारखा घुमला तर दोन्ही बाजू बसल्या. एकाच बाजूला घुमला तर दुसरी गळते आहे. गाणं लावल्यावर बास पातळ, पत्र्याच्या डब्यासारखा वाटला, तर इअरफोनला नावं ठेवू नकोस, टोपीचं माप बदल. गाण्यातला बास नाहीसा होण्याची पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.

मग मफ. केस मागे बांध, कानाभोवतीची बट गादीखाली येऊ देऊ नकोस. झुमके काढ. चष्मा असेल तर बारीक काडीचा बरा, जाड काडी गादीला उचलून धरते आणि त्या फटीतून किक आत येते. वायर बारीक असावी आणि गादीला कमीत कमी जागेतून ओलांडावी. विणलेली जाड वायर असेल तर बदल. सगळं चढवल्यावर दहा वेळा जोरात मान हलव. हललं तर पट्टी एक खाच खाली घे.

आवाज लावण्याचा क्रमही ठरलेला असू दे. फोनचा आवाज शून्यावर. आधी सगळं कानावर चढव, मग साधा ठेका मध्यम जोरात सुरू कर. वाजवता वाजवता आवाज एकेक पायरी वाढव, आणि बास गिटारची सुरावट किकमधून वेगळी कळू लागली की थांब. गायकाच्या आवाजावर माप धरू नकोस, तो तर नेहमीच वर असतो. तिथे फोनमधली कमाल आवाजाची मर्यादा लावून टाक, बहुतेक फोनमध्ये ती सोय असते. पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत, त्याच गाण्याला आवाज आणखी वाढवावासा वाटला, तर एकतर टोपी गळते आहे किंवा कान थकले आहेत. दोन्हीवर उपाय आवाज वाढवण्याचा नाही. पंचेचाळीस मिनिटांनी दहा मिनिटं उठून खाली जा.

फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपवर ड्रमच्या बाबतीत फार विसंबू नकोस. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, तो मोठ्या आवाजाला आधीच कोंडतो आणि खरा आकडा कमी दाखवतो. अंदाजासाठी ठीक.

या जोडीचा एक तोटा आहे आणि तो लक्षात न घेता वाजवलं तर हात बिघडतो. मफ वरच्या पट्ट्या जास्त अडवतो आणि खालच्या कमी. म्हणून किक ‘धब्ब’ अशी पोचते, पण राईड व हाय-हॅट या झांजांवरचे आणि स्नेअरवरचे हलके स्पर्श जवळजवळ पुसले जातात. ऐकू येत नाही म्हणून माणूस झांजा जोरात मारू लागतो, मनगट आखडतं, झांजेला कडेशी तडा जातो. आठवड्यातून एक दिवस मंद, हलकं वाजवून, गाण्याशिवाय, फक्त साधे फिल्टरवाले प्लग (सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच दाबणारे) घालून स्वतःचा आवाज ऐक. पुढे पैसे साठले तर छोटा मिक्सर आणि सेटच्या वर टांगलेला एक माइक यांनी ड्रमचा थोडा आवाज गाण्यात मिसळून कानात घेता येतो. आत्ता त्याची घाई नको.

खोलीचंही काहीतरी कर. जुन्या गोधड्या, सतरंज्या पत्र्याखाली आणि तुझ्या मागच्या भिंतीवर टांग. घुमारा कमी झाला की कानाशीही काही डेसिबल उतरतात. ड्रमवर जाळीच्या कातड्या आणि भोकं पाडलेल्या कमी आवाजाच्या झांजा बसवल्या तर फरक फार मोठा पडतो, पण ते तुझ्या सात हजारांत बसणार नाही. आणि हेडफोन तुझ्या कानांवर असतो, शेजारच्या काकींच्या नाही. त्यांना सेट जसाच्या तसा ऐकू जातो. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ आहे, तेव्हा रियाजाची वेळ त्यांना विचारूनच ठरव.

मामेभावाचा हेडफोन घेऊ नकोस. आधी त्याच्या वाट्यांची बाहेरची बाजू बघ. तिथे जाळी असेल तर तो उघड्या पाठीचा आहे, मग फुकट दिला तरी या कामाला नको. बंद पाठीचा असला तरी २५० ओम, म्हणजे विजेला होणारा त्याचा मोठा विरोध, ही अडचण आहेच. फोनच्या जॅकमधून किंवा टाइप-सी अडॅप्टरमधून फार तर अर्धा ते एक व्होल्ट निघतो. तेवढ्यात ३२ ओमचा हेडफोन दणकून वाजतो, पण २५० ओमच्या हेडफोनला त्याच्या आठव्या हिश्शाइतकीच वीज मिळते. त्याला वेगळा हेडफोन अॅम्प लागेल, म्हणजे अडीच हजारांचे चार-पाच होतील. तो घरी बसून गाणी मिक्स करायला चांगला आहे, भावाला तसं सांगून बघ, कुणीतरी दुसरा गिऱ्हाईक मिळेल.

अडॅप्टरवरून आठवलं. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर आतली चिप असलेलाच घे. रस्त्यावर मिळणाऱ्या काही स्वस्त अडॅप्टरमध्ये फक्त तारा जोडलेल्या असतात, ते बऱ्याच फोनवर मुके राहतात. अडॅप्टरच्या पुढे दोन मीटरची जोडवायर लाव. वायर छातीवरून खाली सोडू नकोस. उजव्या हाताचा वादक हाय-हॅटवर हात ओलांडतो आणि समोर लोंबणारी वायर स्टिकमध्ये अडकते. दोन्ही कानांच्या वायर मानेमागे घे, खालची पकड वर सरकव, कुर्त्याच्या आतून पाठीवरून खाली सोड आणि कॉलरला कपड्याचा चिमटा लावून थोडी ढील ठेव. वायर ताणली गेली तर चिमटा सुटावा, जॅक तुटू नये.

मिक्सर किंवा ऑक्टापॅडला लावताना ३.५ मिलिमीटरची पिन ६.३५ च्या जॅकमध्ये घालायला अडॅप्टर लागतं. ते स्टिरिओच घे, मोनो घेतलं तर एकच कान वाजेल. गायकाचा आवाज नाहीसा झाला आणि बाकीचं विहिरीतून आल्यासारखं वाटलं, तर माइकवाल्या इअरफोनची चार कप्प्यांची पिन तीन कप्प्यांच्या जॅकमध्ये नीट बसलेली नाही. पिन किंचित मागे ओढून बघ, नाहीतर बिनमाइकची वायर लाव. एक बाजू हळूहळू मंद होत गेली तर वायर फेकण्याआधी इअरफोनची नळी बघ. दहापैकी नऊ वेळा जाळीत कानाचा मळ असतो. कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून साफ कर. पाणी नको, सुई तर नकोच.

ऑक्टापॅडच्या रियाजाला मात्र बाबांची भेट कामाला येऊ शकते. पॅडचा स्वतःचा आवाज फारसा नसतो, त्यामुळे तिथे अडवणूक गौण आहे. पण ब्लूटूथने जोडू नकोस. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तू स्टिक मारशील आणि आवाज त्याहूनही मागाहून येईल. हात गोंधळतो आणि आवाजाची वाट बघत लय ओढत राहतो. त्या हेडफोनला वायर लावायचं भोक असेल तर वायरने जोड. वायर लावूनही काही हेडफोन आवाज आत फिरवून मग सोडतात. एकच पॅड टकटक वाजवून बघ, स्टिकचा आवाज आणि कानातला आवाज दोन वेगळे ऐकू आले तर तो बाद.

एक गैरसमजही जाता जाता काढून टाक. खऱ्या ड्रमसेटवर, फोनवरचं गाणं एकटीने ऐकत वाजवताना ब्लूटूथचा उशीर आडवा येत नाही. गाणं सगळंच्या सगळं तेवढ्याच उशिराने येतं आणि तू जे ऐकतेस त्याच्याशीच जुळवतेस. उशीर बोचतो तो पॅडवर, व्हिडिओ काढताना, किंवा तेच गाणं दुसरा कुणी स्पीकरवर ऐकत तुझ्याबरोबर वाजवत असताना. वायर सुचवली ती उशिरासाठी नाही, त्या भावात ब्लूटूथपेक्षा चांगली अडवणूक मिळते म्हणून.

मंचावर हाच इअरफोन चालेल, मफशिवाय. साउंडवाल्याकडून मॉनिटरची (वादकाला स्वतःला ऐकायची) एक वेगळी लाइन माग आणि ती बेहरिंगरच्या पी२ सारख्या कमरेला लावायच्या छोट्या हेडफोन अॅम्पमध्ये घे. तू बसून वाजवणार, तुला बिनतारी संचाची गरज नाही. मोनो-स्टिरिओची कळ लाइनप्रमाणे लाव. त्यात गायक, ढोल आणि तुझा पॅड एवढंच माग. सगळ्यांना सगळं हवं असतं, मग कुणालाच काही ऐकू येत नाही. आणि एक कान काढून ठेवायची सवय लावून घेऊ नकोस. मैदानाचा माहोल ऐकायचा म्हणून अनेक जण तसं करतात. उघडा कान स्पीकरच्या माऱ्यात राहतो आणि झाकलेल्या कानातलं एकट्याने पुरत नाही म्हणून त्याचा आवाज वाढत जातो. दोन्ही आत, नाहीतर दोन्ही बाहेर. बाहेर असतील तर फिल्टरवाले प्लग घाल.

घरी गरब्याचा रियाज करताना मेट्रोनोम (लयीची टिकटिक, म्हणजे क्लिक, देणारं यंत्र किंवा अॅप) हींच या गरब्याच्या तालासाठी ६/८ वर ठेव आणि पहिल्या व चौथ्या मात्रेला जोर दे. सहाही मात्रा सारख्या वाजवणारी क्लिक कानाला कंटाळवाणी होते आणि तू तिचा आवाज वाढवत जातेस. क्लिकला लाकडी ठोक्याचा आवाज निवड, तीक्ष्ण ‘टिक’ नको. सलग गरब्याच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर क्लिक लावण्याचा खटाटोप करू नकोस. तिथे लय हळूहळू चढत जाते, दोन मिनिटांत क्लिक आणि गाणं वेगळ्या वाटेला लागतात आणि दोष तुला स्वतःचा वाटतो. एकतर गाणं, नाहीतर क्लिक. मोइसेससारख्या अॅपने गाण्यातले ताल वजा करता येतात, ते कर, पण बास ठेव. तुझी किक त्याच्याशीच बोलायची आहे.

बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली मफ घालून बसणं म्हणजे शिक्षा आहे, हे मान्य. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर बस. मफच्या गाद्या दर वेळी कोरड्या फडक्याने पुस आणि संच खोलीत न ठेवता खाली घरात आण. घामाने आणि उन्हाने गाद्या कडक होतात, मग त्या कानाभोवती बसत नाहीत आणि अडवणूक जाते. वर्षभराने बोटाने दाबून बघ, गादी लगेच फुगून आली नाही तर बदल, सुट्या मिळतात. फोमच्या टोप्या त्याहून लवकर, दीड-दोन महिन्यांत ढिल्या होतात. जोडी घेऊन उरलेल्या पैशांत त्यांची दोन पाकिटं आणि एक जास्तीची वायर घेऊन ठेव. नवरात्राच्या तिसऱ्या रात्री साडेनऊला ती कुठेच मिळत नाही.